बालपणीचा ख्रिसमस, तीस सेकंदात

आमच्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीला यंदा 'बालपणीचा ख्रिसमस' असं रील करायची हुक्की आली आणि अख्ख्या सोसायटीत ख्रिश्चन घर एकच, आमचं. त्यामुळे काल संध्याकाळी सी विंगचे काका हजर. बँकेतून रिटायर झालेत, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात तो गोल दिवा. मी ऑफिसातून येऊन नुकती कणीक मळायला घेतलेली. म्हणाले, तशाच बसा मॅडम, नॅचरल वाटेल. दोन मिनिटं निरखून मग म्हणाले, "तेवढी टिकली काढता का? नाही म्हणजे, तुमच्यात लावत नाहीत ना."

मी रोज लावते. आई लावायची नाही, मावशी लावायची, त्यावरून दोघींची भांडणं व्हायची, पण तो आमच्या घरातला मामला आहे, त्यात सी विंग कुठून आली? मंगळसूत्रही ओढणीखाली सरकवायला सांगितलं, त्यात क्रॉस आहे हे दाखवलं तेव्हा म्हणाले, मग राहू द्या, वर घ्या.

"हं, सांगा आता. बर्फ वगैरे..."

"काका, नगरला?" (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझं बालपण नगरलाच गेलं, त्याला इलाज नाही.)

"बरं, थंडी म्हणा. ट्री तरी होतं ना?"

"सुरूची फांदी आणायचे पप्पा. डालड्याच्या डब्यात माती भरून त्यात रोवायची."

"छान! डालडा नको बोलूया. सँटा?"

"सँटा नाही यायचा. पोस्टमन यायचा, मुंबईच्या चुलत्यांची मनीऑर्डर घेऊन."

काकांनी कॅमेरा बंद केला. चश्मा पुसला. पुन्हा चालू केला. "केक तर असेलच."

"केक नव्हता. करंज्या, शंकरपाळी, चकल्या, चिवडा."

"अहो ते दिवाळीचं झालं!"

"आमचं नाताळचं."

"हो, पण ओरिजिनली दिवाळीचं."

आता ह्याला काय बोलायचं. अमेरिकन मिशन नगरला आलं 1831 मध्ये. मिशनरी अमेरिकेहून आले, आमची आजी नाही आली. आजी इथलीच, करंजीचं सारण इथलंच, मग नाताळला तिनं काय बोस्टनचा ॲपल-पाय करायला हवा होता का?

मी म्हटलं गाण्यांचं सांगते. रात्री सगळी मंडळी घरोघर जायची, पेटी, टाळ, ढोलकी, पुढे गॅसबत्ती धरलेला एक जण आणि मागे गल्लीतली सगळी कुत्री. आमचे आजोबा शांतवन ढोलकीला. पहाटेकडे दवानं ढोलकी उतरायची, बोट मारलं की नुसतं धप्प, मग कोणाच्या तरी अंगणातल्या शेकोटीजवळ बसून ते ती तापवायचे, फिरवत फिरवत, मधेच कान लावून बघायचे, आणि तोवर बाकीचे त्या घरचा चहा ढोसायचे. म्हणायची गाणी बरीचशी ना. वा. टिळकांची, ओवी-अभंगाच्या वळणाची.

इथे काका एकदम ताठ बसले. "ते जखमी पक्षिणीची कविता लिहिणारे? शाळेत होते आम्हाला! पण ते तर आपले."

"1895 ला बाप्तिस्मा घेतला त्यांनी. नगरला रेव्हरंड होते."

"असेल, असेल. पण मुळात आपले."

मग नाटकाचं सांगून पाहिलं. मेंढपाळांच्या घोंगड्या खऱ्या धनगरांकडून उसन्या आणलेल्या, त्यांच्या वासानं पहिली रांग मागे सरकायची. एका वर्षी कोणाच्या तरी डोक्यात आलं की शेळीपण खरीच हवी. तिनं गव्हाणीतलं सगळं गवत खाल्लं, बाळ येशू म्हणजे माझी डोळे मिटणारी बाहुली उघडी पडली, मरिया झालेली माझी ताई शेळीच्या शिंगांना धरून ओढतेय आणि देवदूत पुठ्ठ्याचे पंख सावरत हसतोय. मी सांगताना स्वतःच हसायला लागले. काका दिव्याचा ब्राइटनेस कमी-जास्त करत होते.

"मॅडम, तुमचं मराठी मात्र एकदम शुद्ध हां," उठता उठता शाबासकी. आणि दारात चप्पल घालताना, "आडनाव तर शिंदे, मग कन्व्हर्ट कधी झालात तुम्ही?" जसा काही गेल्या महिन्यात फॉर्म भरून आलेय. पणजोबांचे वडील झाले, 1876 च्या मोठ्या दुष्काळानंतर. लोकांना एवढंच माहीत असतं की मिशननं धान्य दिलं. दुष्काळाच्या आधी पाऊसपाणी चांगलं असतानाही त्यांना गावच्या विहिरीवर घागर बुडवू देत नव्हते, ते कोणी विचारत नाही. मीही दारात उभं राहून सांगितलं नाही, कणीक सुकत होती आणि तीस सेकंदाच्या रीलमध्ये विहीर कुठे बसवणार.

आज सकाळी ग्रुपवर रील आलं. माझ्या डोक्यावर स्टिकरची लाल टोपी, वरून बर्फ पडतोय, मागे इंग्लिश घंटा किणकिणताहेत. 'सुरूची फांदी' एवढं ठेवलंय आणि 'केक नव्हता' मधला 'केक' ठेवलाय. शेळी गेली, आजोबा गेले, टिळक गेले. सत्तावन्न जणांनी हात जोडलेत, ख्रिसमसच्या रीलला हात का जोडतात देव जाणे.

दुपारी काकूंचा पर्सनल मेसेज. "करंज्या कधी करणार गं? ह्यांना तळलेलं बंद आहे पण दोन चालतील. सारण दिवाळीसारखंच ना?"

मी लिहिलं, हो, तेच. पण डबा पाठवणार नाही, घरी येऊन खायच्या.

लगेच अंगठा आला. आणि त्याखाली, "ह्यांना टोपी घालून पाठवू का?"