आकडा उतरला म्हणून कोड वाचनीय होत नाही

बेळगावात अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक संदेश फिरतो आहे: सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी (फंक्शनमधल्या म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्यातल्या अटी मोजून त्यात एक मिळवल्यावर येणारा आकडा) पाचच्या आत आणली की कोड वाचनीय होतो, हे मॅककेब यांनी सिद्ध केले आहे, फंक्शन जितके लहान तितके चांगले, आणि कॉमेंट (कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेली टीप) लिहावी लागणे हे कच्च्या प्रोग्रामरचे लक्षण. खानापूरच्या माझ्या भाच्याने ते प्रमाण मानून चांगला चाललेला प्रोजेक्ट विस्कटून टाकला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

हे माप मांडणाऱ्या थॉमस मॅककेब यांच्या 1976 च्या निबंधात मर्यादा पाच नाही, दहा आहे. ती वाजवी असली तरी जादूची नव्हे, असे त्यांनीच लिहिले आहे, आणि अनेक पर्यायांतून एक निवडणाऱ्या लांबलचक केस-रचनेला सूटही दिली आहे. त्यांचा आकडा फंक्शनमधल्या स्वतंत्र वाटा मोजतो. किती चाचण्या लागतील हे त्यावरून कळते, वाचणाऱ्याला किती त्रास होईल हे नाही. तीन इफ (अटी) एकाखाली एक लिहा किंवा एकाच्या पोटात एक, आकडा चारच येतो. कोड तपासणारी साधने बनवणाऱ्या सोनारसोर्स कंपनीतर्फे ॲन कॅम्पबेल यांनी मांडलेली कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी मात्र पहिल्या मांडणीला तीन आणि दुसरीला सहा गुण देते, कारण अट किती आत दडली आहे, त्या खोलीचाही भार ती धरते.

भाच्याचे फंक्शन डेअरीतल्या दुधाचा दर काढणारे. गाय की म्हैस, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटव्यतिरिक्तचे घन घटक) अशा पाच अटी एकात एक, म्हणून आकडा सहा. नमुना नाकारलेला असेल तर सुरुवातीलाच रिटर्न करायचे म्हणजे फंक्शनमधून बाहेर पडायचे, अशा रीतीने अटी सपाट केल्या असत्या तर काम झाले असते. पण आकडा सहाच राहिला असता आणि संदेशाच्या हिशेबाने कोड नापास ठरला असता. म्हणून त्याने ‘तपासणी1’, ‘तपासणी2’ असे पाच तुकडे पाडले. प्रत्येकाचे दोन आणि मुख्य फंक्शनचा एक धरून बेरीज अकरावर गेली, आणि आता म्हशीच्या दुधाचा एक दर कसा निघाला हे पाहायला फाईलभर हिंडावे लागते.

आकडा फार चढला तर फंक्शन उघडून पाहावे आणि ज्या तुकड्याला अर्थपूर्ण नाव देता येते तो वेगळा काढावा, एवढे त्या संदेशातले मान्य करावे लागेल.

कॉमेंटविषयीचे विधान तर सरळ चुकीचे आहे. एसएनएफ कमी भरल्यास दर किती कापायचा हे कोड सांगतो. तसे का ठरले, हे संचालक मंडळाच्या ठरावात असते, आणि त्या ठरावाचा उल्लेख असलेली कॉमेंटच भाच्याने आधी पुसली.