उलट्याचं उलटं

एक एलईडी लुकलुकावा, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी ५५५ नावाची आठ पायांची आयसी (म्हणजे चिप), चार फुटकळ भाग आणि काडेपेटीएवढा सर्किट बोर्ड लागतो. बोर्ड घरीच करू म्हटलं.

कृती सांगायला सोपी. सर्किटचं चित्र लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर छापायचं, तांब्याचा थर दिलेल्या पाटीवर पालथं घालायचं आणि वरून इस्त्री फिरवायची. टोनर म्हणजे मुळात प्लॅस्टिकची पूड. तापली की वितळून तांब्याला चिकटते. माझी कागदालाच चिकटून राहिली. पाटीवर बोटांचं तेल होतं. घासलं, ॲसिटोनने पुसलं. पुढच्या खेपेला इस्त्री इतकी दाबली की शेजारचे दोन ट्रॅक, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या रेघा, एकमेकांच्या गळ्यात पडले. तिसऱ्यांदा जमलं. ‘शर्टांच्या नशिबी कधी एवढी इस्त्री आली नाही,’ असं बायकोने ऐकवलंच.

मग फेरिक क्लोराइड. टोनरखालचं तांबं सोडून बाकीचं हे खातं. थर जेमतेम ३५ मायक्रॉनचा, पण द्रावण गार असेल तर ते रवंथ करत बसतं. म्हणून प्लॅस्टिकचा डबा गरम पाण्याच्या टबात ठेवून मी पाळण्यासारखा हलवत राहिलो. स्टीलचं सिंकही त्याला चालतं, म्हणून भांडी घासायची जागा मला वर्ज्य. ते तांबं घेतं आणि डाग देतं, व्यवहार रोखीचा. हातमोजे होते, चष्मा होता. नाक खाजलं, त्याला काय करणार? वापरलेलं द्रावण गटारात ओतायचं नाही, त्यात तांबं असतं. त्यामुळे कपाटात आता चिठ्ठी लावलेल्या तीन बाटल्या आहेत. (चौथीवरची चिठ्ठी द्रावणानेच खराब केली.)

०.८ मिलिमीटरची भोकं पाडली, आयसी बसवली. आठही पाय आत, पण पहिल्याच्या जागी आठवा! म्हणजे ग्राउंडच्या जागी विजेचा पुरवठा.

कागद पालथा पडणार म्हणून छापताना मी चित्र उलटं करणाऱ्या ‘मिरर’वर टिचकी मारली होती. पण सॉफ्टवेअर बोर्ड वरून दाखवतं. खालचं तांबं त्यात आधीच उलटं असतं. मी उलट्याचं उलटं केलं होतं.

शेवटी सगळे भाग तांब्याच्याच बाजूने बसवले आणि तिथेच, सोल्डरिंग आयर्नचं टोक कसंबसं आत घुसवून, डाख दिले. एलईडी लुकलुकतो. बोर्ड कुणाला दाखवायचाच झाला तर मी पाठीमागून दाखवतो.