'मलय भाषेला व्याकरणच नाही' म्हणे

कुणाला मलेशियात नोकरी लागली, की एक मजकूर त्याच्या फोनवर हमखास येऊन पडतो. गेल्या दोन महिन्यांत मला तो चार जणांनी 'हे खरं का?' असं विचारत पाठवला. मजकूर असा: 'मलय ही जगातली सर्वांत सोपी भाषा. तिला व्याकरण नाही. काळ नाहीत, लिंग नाही. अनेकवचन हवं तर शब्द दोनदा म्हणा. निम्मे शब्द आपल्या संस्कृतातलेच. तीन महिन्यांत फाडफाड बोलाल.'

मी क्वालालंपूरजवळ बरीच वर्षं राहिलो, तिथेच मलय शिकलो. हा मजकूर वाचून मला खरोखर राग येतो. त्याच्या भरवशावर येणारी माणसं पहिले काही आठवडे खूश असतात आणि सहाव्या महिन्यात अडकतात. मग भाषा अवघड आहे असं न म्हणता आपलंच डोकं चालत नाही असं समजून शिकणं सोडून देतात.

आधी व्याकरणाचं बघू. मी जातो, ती जाते, ते गेले, या सगळ्याला 'पर्गी' हे एकच क्रियापद पुरतं, हे खरं. पण मलयचं व्याकरण शब्दाला पुढून-मागून लागणाऱ्या प्रत्ययांत बसलेलं आहे. 'जालान' म्हणजे रस्ता, तिथल्या पाट्यांवर सगळीकडे दिसणारा शब्द. त्यापासून 'बर्जालान' म्हणजे चालणं आणि 'पर्जालानान' म्हणजे प्रवास. 'मंजालानकान' म्हणजे चालवणं, बजावणं. धंदा चालवतात, कर्तव्य बजावतात ते. आणि 'मंजालानी' म्हणजे एखाद्या गोष्टीतून जाणं: शिक्षा भोगणं, शस्त्रक्रियेला सामोरं जाणं. मूळ शब्द तोच, पण शेवटी 'कान' लावला की 'ई', एवढ्यावर अर्थ फिरतो. कुठे काय लागतं याचा सरळ नियम नाही. वाचून, ऐकून कान तयार व्हावा लागतो.

शिवाय पुढचा प्रत्यय मूळ शब्दाचं पहिलं अक्षर गिळतो. 'तुलिस' (लिही) चं 'मनुलिस' होतं, 'पुकुल' (मार) चं 'ममुकुल', 'सापु' (केर काढ) चं 'मन्यापु'. 'बाचा' (वाच) चं मात्र 'मम्बाचा', तिथे 'ब' शाबूत. नवशिका शब्दकोशात 'मन्यापु' म पासून शोधत बसतो आणि शब्द 'स'मध्ये असतो. मी स्वतः असे कितीतरी तास घालवले आहेत. याला व्याकरण म्हणायचं नाही तर कशाला?

हा गैरसमज कुठून आला असावा, याचा अंदाज करता येतो. पंधराव्या शतकापासून आजच्या मलेशियातल्या मलाक्का बंदरात गुजराती, तमिळ, अरब, चिनी, जावाचे व्यापारी एकत्र येत आणि मलयच्या मोडक्यातोडक्या रूपात सौदे करत. प्रत्यय गाळलेली ही 'मलायु पासार', म्हणजे बाजारी मलय. दुकानात, टॅक्सीत परक्याच्या कानावर आजही तीच पडते. भाजीबाजारातली चार हिंदी वाक्यं ऐकून हिंदीला व्याकरण नाही म्हणावं, तसला हा प्रकार. त्याच काळातली दुसरी बाजूही आहे. १५८०च्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्स्खोटेन या डच माणसाचं प्रवासवर्णन १५९६ मध्ये छापलं गेलं, आणि त्यात तो मलयला पूर्वेकडची अत्यंत सभ्य भाषा म्हणतो.

काळ नाहीत? क्रियापदात नाहीत. त्याऐवजी 'सुदाह' (झालं), 'सदांग' (चालू आहे), 'आकान' (होणार), 'पर्नाह' (पूर्वी कधीतरी), 'बलुम' (अजून नाही) असे सुटे शब्द येतात आणि ते चुकले की माणूस चुकतो. 'जेवलात का?' याला 'तिदाक', म्हणजे 'नाही', असं उत्तर दिलंत तर ते तुटक वाटतं. तिथे 'बलुम', म्हणजे 'अजून नाही', म्हणायचं. 'लग्न झालं का?' यालाही 'बलुम'च. लग्न करायचा विचार नसला तरी.

शब्द दोनदा म्हणा, अनेकवचन होतं, हे तर सरळ फसवणारं आहे. 'बुकु-बुकु' म्हणजे पुस्तकं, ठीक. पण 'माता' म्हणजे डोळा आणि 'माता-माता' म्हणजे हेर. 'गुला' म्हणजे साखर, 'गुला-गुला' म्हणजे गोळ्या-चॉकलेटं. 'लांगित' आकाश, 'लांगित-लांगित' टाळू. 'हाती' काळीज, आणि 'हाती-हाती' म्हणजे जपून! संख्या सांगितली, की शब्द दोनदा म्हणायचाच नाही. मध्ये मोजणीचा शब्द घालायचा. माणसं 'ओरांग'ने मोजतात, जनावरं 'एकोर'ने, म्हणजे शेपटीने. गाडी आणि घर 'बुआह'ने, म्हणजे फळाने. नदी, रस्ता आणि पेन 'बातांग'ने, म्हणजे खोडाने. तीन पुस्तकं म्हणजे 'तिगा बुआह बुकु'.

संस्कृत शब्द आहेत, आणि ते भेटले की आनंद होतो: गुरु, राजा, सिंगा, नगारा (मूळ 'नगर'), मनुसिया. पण निम्मे नव्हेत. अरबी, पोर्तुगीज, इंग्रजी शब्दही भरपूर आहेत आणि रोजच्या बोलण्याचा गाभा मलयचा स्वतःचाच. शिवाय ओळखीचे शब्दच गोत्यात आणतात. 'चिंता' म्हणजे प्रेम. 'सुआमी' म्हणजे नवरा. 'कपाला' म्हणजे कपाळ नव्हे, अख्खं डोकं. 'पुआसा' हा उपवासच, पण रमजानचा रोजा. आणि 'सङ्सारा', म्हणजे आपला संसार, तिथे हालअपेष्टा.

ज्यात मराठी माणसाला खरा फायदा आहे, ते या मजकुरात एका शब्दाने नाही. मलयमध्ये 'कामी' आणि 'किता' असे दोन 'आम्ही' आहेत. ऐकणाऱ्याला वगळून 'कामी', त्याला धरून 'किता'. इंग्रजीतून शिकणारे यात महिनोन्महिने चुकतात. आपल्याला 'आम्ही' आणि 'आपण' घरातूनच आलेले असतात. तसंच 'तिदाक' आणि 'बुकान'. 'तो डॉक्टर नव्हे, शिक्षक आहे' यातला 'नव्हे' म्हणजे 'बुकान', आणि क्रियापदाचा 'नाही' म्हणजे 'तिदाक'. उच्चारातही आपण पुढे. रोमन लिपीतलं 'e' हे एकच अक्षर मलयमध्ये कधी आपला 'अ' असतं, कधी 'ए'. त्याच स्पेलिंगचं 'परांग' म्हणजे युद्ध आणि 'पेरांग' म्हणजे तपकिरी. मी वहीत नवे शब्द देवनागरीत लिहायला लागलो आणि हा घोळ संपला.

आणि खरी कसोटी, जिच्याबद्दल कुणी सांगतच नाही, ती म्हणजे समोरच्याला काय म्हणायचं. मी फोनवरच्या धड्यांतून 'आवाक' म्हणजे 'तुम्ही' असं शिकलो आणि शेजारच्या सत्तरीच्या बाईंना तसंच म्हणालो. त्या हसल्या, पण बोलणं आटोपतं घेतलं. त्यांच्या मुलीने नंतर समजावलं: वडीलधाऱ्यांशी बोलताना सर्वनाम वापरायचंच नाही, 'माचिक' म्हणायचं, मावशी म्हणतो तसं. 'माचिक जेवल्या का?' असं त्यांनाच विचारायचं. पुरुषाला 'पाचिक', थोरल्या भावाच्या वयाच्याला 'अबांग', थोरल्या बहिणीला 'काकाक'. मलेशियात नऊ राज्यांत आजही वंशपरंपरेचे राजे आहेत आणि त्यांच्यासाठी शब्दच निराळे: जेवताना आपण 'माकान' करतो, राजा 'सांताप' करतो.

राहिले तीन महिने. इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी अमेरिकी परराष्ट्र खात्याची संस्था मलयसाठी सुमारे ३६ आठवडे, म्हणजे आठशे-नऊशे तास वर्ग धरते. स्पॅनिशला त्याहून कमी, हिंदीला ४४ आठवडे, जपानीला ८८. म्हणजे मलय अतिशय अवघड नाही, पण 'सर्वांत सोपी' तर मुळीच नाही. आणि हे वर्ग सोडून बाहेर पडलं, की 'तिदाक'चं 'ताक' झालेलं असतं, 'सुदाह'चं 'दाह', 'हंदाक' (हवं) चं 'नाक'. माझं मलय बरं झालंय असं वाटायला लागल्यावर मी ईशान्येकडच्या केलांतान राज्यात कोता बारू या शहरात गेलो. तिथल्या बोलीत 'आपा' (काय) चं 'गापो' होतं, 'माकान'चं 'माके'. खानावळीतल्या पाचिकनी काहीतरी विचारलं, मला कळलं नाही. त्यांनी परत तेच, सावकाश, शाळेतल्या मलयमध्ये विचारलं. भात हवा का, एवढंच होतं ते.