'पीएलसीला कोण हॅक करतो?' या फॉरवर्डला माझं उत्तर

चतुर्थीच्या आधीपासून एक मेसेज फिरतोय, वेर्णा, कुंडई, बेतोडा, तुये, गोव्यातल्या औद्योगिक वसाहतींत जिथे म्हणून मेंटेनन्सवाल्यांचे ग्रुप आहेत तिथे सगळीकडे. मला एकट्याला तो चौघांनी पाठवला, त्यातल्या एकाने खाली लिहिलं, "बघ, तू उगीच घाबरवतोस लोकांना." मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: प्लांटमधला पीएलसी (मशिन चालवणारा छोटा कम्प्युटर) आणि स्काडा (स्क्रीनवरून सगळा प्लांट बघायची, चालवायची यंत्रणा) इंटरनेटला जोडलेला नसतो म्हणून तिथे हॅकर पोचूच शकत नाही, पीएलसीत विंडोज नसतं म्हणून व्हायरस लागत नाही, गोव्यातल्या बारक्या प्लांटकडे बघायला कोणाला वेळ नाही, कंपनी पॅच (सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती) देते तो टाकला की विषय संपला, आणि एवढं होऊनही काही झालंच तर इमर्जन्सी स्टॉप आहेच ना. शेवटी नेहमीचं, पुढे पाठवा.

मी चौदा वर्षं पॅनेलपुढे उभा राहून पोट भरतोय. हा मेसेज लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही, पण हा वाचून एखादा पोरगा निर्धास्त झाला तर त्याची किंमत शिफ्टवरची माणसं मोजतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला, "जोडलेला नसतो". गेल्या पावसाळ्यात कुंडईला एका प्लांटमध्ये गेलो होतो, नाव नको, तक्रार साधी होती, कूलिंग टॉवरचा लेव्हल स्विच मध्येच सिग्नल देतो मध्येच देत नाही. लूज वायर असणार म्हणून डक्टचं झाकण काढलं, टॉर्च मारला, तर पॅनेलला सप्लाय देणाऱ्या एसएमपीएसच्या बाजूला एक छोटा राउटर, आत सिम, हिरवा दिवा लुकलुकतोय, आणि त्याची काळी वायर केबल ग्लँडमधून वर जाऊन पॅनेलच्या डोक्यावर मॅग्नेटने चिकटवलेल्या अँटेनाला. ड्रॉइंगमध्ये त्याचा पत्ता नाही. मेंटेनन्स हेडला बोलावलं, ते आदल्याच दिवशी मला सांगत होते की आमची लाइन कशालाच जोडलेली नाही, आणि ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच माहीत नव्हतं! मशिन देणाऱ्याच्या सर्व्हिस इंजिनिअरने कमिशनिंगच्या वेळी, म्हणजे मशिन पहिल्यांदा चालू करताना, तो बसवलेला, म्हणजे प्रत्येक अलार्मसाठी पुण्याहून धावत यायला नको. तीन वर्षं तो तिथे चालू होता, सिमचं बिल सप्लायर भरत होता. तो इंजिनिअर वाईट माणूस नव्हता, त्याने स्वतःची आणि आमचीही सोयच बघितली. पण दार उघडं होतं आणि घरच्या माणसांना त्याची खबर नव्हती.

आणि खरंच कुठली वायर बाहेर जात नसली तरी पेनड्राइव्ह जातो, लॅपटॉप जातो. इराणच्या नतान्झमधली युरेनियम समृद्ध करणारी सेंट्रिफ्यूज यंत्रं इंटरनेटला जोडलेली नव्हती, तरी 2010 मध्ये सापडलेला स्टक्सनेट नावाचा व्हायरस आत पोचला, आणि तो पसरायचा ते पेनड्राइव्हवरून. उलट बाजूही सांगतो, कारण ती खरी आहे: 2019 मध्ये तामिळनाडूतल्या कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाच्या ऑफिसच्या नेटवर्कमधल्या एका कम्प्युटरला मालवेअर लागलं, प्रकल्प चालवणाऱ्या एनपीसीआयएलने ते मान्य केलं, पण अणुभट्टीच्या कंट्रोलचं नेटवर्क वेगळं असल्याने तिथे काही झालं नाही असं त्यांनी सांगितलं. म्हणजे वेगळं ठेवण्याचा उपयोग होतोच, फक्त ते कोणीतरी मुद्दाम ठेवावं लागतं आणि पुन्हा पुन्हा तपासावं लागतं, आपोआप राहत नाही.

दुसरा, "पीएलसीत विंडोज नसतं". नसेना. पण त्याचा प्रोग्रॅम ज्या लॅपटॉपवरून डाउनलोड होतो त्यात विंडोजच असतं, आणि त्याच लॅपटॉपवर दुपारी जेवताना क्रिकेटही बघितलं जातं. स्टक्सनेटने नेमकं तेच केलं, पीएलसीचा प्रोग्रॅम लिहायच्या सीमेन्सच्या स्टेप सेव्हन सॉफ्टवेअरची एक फाइल बदलली, त्यामुळे इंजिनिअरने पीएलसीतला प्रोग्रॅम उघडून बघितला तरी घुसवलेले प्रोग्रॅमचे ब्लॉक त्याला दिसायचेच नाहीत. आपण ज्या खिडकीतून बघतो ती खिडकीच खोटी.

पण माझ्या मते याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे, ती कोणी बोलत नाही. व्हायरस लागायची गरजच नसते. मॉडबस घ्या, यंत्रांनी एकमेकांशी बोलायचा ठरलेला नियम, 1979 मध्ये मोडिकॉन कंपनीने काढलेला, आजही आपल्या मोटरचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीपासून एनर्जी मीटरपर्यंत सगळीकडे तोच. सिरियल लाइनवर एका रजिस्टरमध्ये (डिव्हाइसमधल्या आकडा ठेवायच्या खणात) नवीन व्हॅल्यू लिहायची तर पूर्ण मेसेज 8 बाइटचा. एक बाइट कुठल्या डिव्हाइसला, एक बाइट काय करायचं (06, म्हणजे लिही), दोन बाइट कुठलं रजिस्टर, दोन बाइट व्हॅल्यू, आणि शेवटचे दोन मेसेज वाटेत बिघडला नाही ना हे तपासायला. झालं. पासवर्ड टाकायचा तर कुठे, जागाच नाही. ज्याचा मेसेज बरोबर, त्याचं ऐकायचं. पूर्वी गावात दाराला कडी नसायची कारण येणारा ओळखीचाच असायचा, तसं ते, एक खोली, एक वायर, दोन यंत्रं. पुढे आपण तीच वायर इथरनेटला जोडली, मग राउटरला, आणि कडी लावायची राहूनच गेली. जानेवारी 2024 मध्ये युक्रेनच्या ल्विव्ह शहरात घरं गरम ठेवणाऱ्या यंत्रणेच्या कंट्रोलरना असेच मॉडबसचे कमांड पाठवले गेले आणि बाहेर शून्याखाली तापमान असताना 600 हून जास्त इमारतींची हीटिंग जवळजवळ दोन दिवस बंद पडली.

"बारक्या प्लांटला कोण विचारतो" याला उत्तर छोटं आहे. नोव्हेंबर 2023, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं अलिक्विपा, लहानसं शहर, त्यांच्या पाण्याचा दाब वाढवणाऱ्या बूस्टर स्टेशनवरच्या युनिट्रॉनिक्स कंपनीच्या पीएलसीच्या स्क्रीनवर हॅकरांचा मेसेज झळकला. त्या मॉडेलचा कंपनीतून येणारा पासवर्ड 1111. हल्लेखोरांनी अलिक्विपा निवडलंच नव्हतं, त्यांना त्या कंपनीची यंत्रं हवी होती, इंटरनेटवर जी उघडी सापडली ती घेतली. त्यानंतर काही दिवसांतच आयर्लंडच्या मेयो परगण्यात त्याच कंपनीच्या यंत्रामुळे एका ग्रामीण पाणी योजनेतली दीडशेहून जास्त घरं दोन दिवस पाण्याविना राहिली. तुमचा प्लांट नकाशात शोधावा लागत नाही हो, पत्ते चाळणारं सॉफ्टवेअर तो आपोआप शोधतं, आणि त्याला कुंडई काय आणि न्यूयॉर्क काय, सारखंच.

आता पॅच. हा मुद्दा लिहिणाऱ्याने चालू प्लांटमध्ये फर्मवेअर (यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर) कधी बदललेलं नसावं. वेर्ण्याच्या फार्मावाल्यांना विचारा, एक अपडेट टाकायचा तर आधी चेंज कंट्रोल (बदलाची लेखी मंजुरी), मग शटडाउन मिळायला हवा, मग पुन्हा व्हॅलिडेशन (सगळं बरोबर चालतं हे सिद्ध करणं), आणि कागदांचा गठ्ठा. वर्षातून एक शटडाउन मिळतो, त्यातही आधी मेकॅनिकलवाले घुसतात. तेव्हा पॅच महिनोन् महिने राहतो याला आळस म्हणू नका. आणि काही ठिकाणी पॅच नसतोच! 2021 मध्ये रॉकवेल कंपनीच्या लॉजिक्स कंट्रोलरमधली (त्यांच्या पीएलसीमधली) एक खोट जाहीर झाली, खरा लॅपटॉप ओळखण्याची गुप्त किल्ली सॉफ्टवेअरमधून काढता येत होती, म्हणजे कोणीही स्वतःला इंजिनिअरचा लॅपटॉप म्हणवून घेऊ शकत होता. गंभीरपणा 10 पैकी 10. त्यावर कंपनीने पॅच दिला नाही, उपाय सांगितले, त्यात एक होता कंट्रोलरवरचा चावीचा स्विच रनवर ठेवा, म्हणजे लॅपटॉपवरून प्रोग्रॅम बदलता येत नाही.

त्या चावीचं मी काय काय बघितलंय. सुतळीने पॅनेलच्या दाराला बांधलेली, स्विचमध्येच गंजून बसलेली, आणि बहुतेक वेळा रिमोटवर किंवा प्रोग्रॅमवर, कारण दरवेळी लॅपटॉप लावताना उठून फिरवायला कंटाळा.

तीच चावी शेवटच्या मुद्द्यातही येते. इमर्जन्सी स्टॉप आहे हे अर्धं खरं आहे, आणि तो अर्धा भाग मी मनापासून मानतो. वायरने थेट कॉन्टॅक्टरपर्यंत (मोटरची वीज तोडणाऱ्या स्विचपर्यंत) गेलेलं लाल बटण, बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, यांना कुठलाही हॅकर हात लावू शकत नाही. पण आता बऱ्याच ठिकाणी सेफ्टीसुद्धा सॉफ्टवेअरवर चालते. 2017 मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये ट्रायटन नावाचं मालवेअर सापडलं, ते थेट ट्रायकोनेक्स सेफ्टी कंट्रोलरमध्येच घुसलं होतं, म्हणजे सगळं हाताबाहेर गेल्यावर जो प्लांट सुरक्षित बंद करतो त्याच्यातच. प्लांट ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, म्हणून ते उघडकीस आलं. आणि ते आत लिहिता आलं याचं एक कारण, कंट्रोलरची चावी प्रोग्रॅमवर राहिली होती.

शिवाय बटण कधी दाबायचं हे माणूस स्क्रीन बघून ठरवतो. युक्रेनमध्ये 23 डिसेंबर 2015 ला वीज कंपनीतल्या ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत माउस आपोआप फिरून ब्रेकर उघडत होता, म्हणजे वीज तोडत होता. सुमारे 2 लाख 25 हजार ग्राहकांची लाइट गेली, आणि काही तासांत परत आली ती माणसं गाड्या घेऊन सबस्टेशनवर गेली आणि हाताने ब्रेकर टाकले म्हणून. आपल्याकडे नवीन लागलेल्या किती पोरांना आज प्लांट मॅन्युअलवर चालवता येतो?

कुंडईचा तो राउटर आम्ही फेकला नाही, सप्लायरची गरज खरी होती. त्याच्या सप्लायमध्ये एक चावीचा स्विच टाकला, चावी शिफ्ट इनचार्जकडे, पुण्याहून फोन आला की चालू करायचा, काम झालं की बंद, आणि वेळ शिफ्टच्या वहीत. खर्च एका स्विचचा. ज्या चौघांनी मला मेसेज पाठवला त्यांनी सोमवारी ड्युटीवर गेल्यावर फक्त दोन गोष्टी बघा, पॅनेलच्या डोक्यावर कुठे अँटेना आहे का, आणि कंट्रोलरची चावी कुठे आहे. फोटो मला पाठवा, ग्रुपवर नको.