पाच यार्डांवरच्या चार आठवड्यांबद्दल

नमस्कार.

आपण दोन तारे देऊन लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला, आणि तो मराठीत असल्यामुळे उत्तरही मराठीतच देत आहे. आपल्या तक्रारी अशा : आमच्या धनुर्विद्या केंद्राच्या आठ आठवड्यांच्या प्राथमिक वर्गातले पहिले चार आठवडे आपल्याला पाच यार्डांवरच उभे केले; ओढायला ६० पौंडांचा जोर लागणारे कंपाउंड (टोकांना चाके असलेले) धनुष्य मागितले असता आम्ही ते ४२ पौंडांवर बसवून दिले; आणि शुल्क पूर्ण भरूनही सप्टेंबरमध्ये धनुष्याने हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडताना ‘इतक्यात हरणावर बाण सोडू नका’ असा सल्ला देऊन आपला हंगाम घालवला.

शेवटच्या तक्रारीत आमची चूक आहे. वर्गाच्या माहितीपत्रकावर ‘हंगामापूर्वीची तयारी’ असे छापलेले होते, आणि आठ आठवड्यांत प्रत्येक जण रानात जाण्याइतका तयार होईलच असे नाही, हे नाव नोंदवताना आपल्याला कोणीही सांगितले नाही. शिवाय शेवटच्या दोन आठवड्यांत ब्रॉडहेडसाठीचे, म्हणजे शिकारीच्या बाणाच्या धारदार पात्यांच्या टोकासाठीचे, फोमचे लक्ष्य फाटून गेले होते आणि नवे वेळेवर आले नाही, त्यामुळे खऱ्या पात्यांचा सराव आपल्याला मिळालाच नाही. त्या दोन वर्गांचे पैसे आपल्याला परत मिळतील, आणि माहितीपत्रकावरील ओळ मी बदलून घेतली आहे. सल्ला मात्र मी आजही तोच देईन.

धनुष्याच्या जोराबद्दल आपण लिहिले आहे की दुकानाने आपल्याला कमी लेखले. न्यू जर्सीत हरणाच्या शिकारीसाठी किमान ३५ पौंडांचे धनुष्य लागते, म्हणजे ४२ पौंड कायद्याच्या मर्यादेच्या वरच आहेत. बाण बंदुकीच्या गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, तो कापून मारतो. वीस यार्डांच्या आत, वस्तऱ्यासारखी धार असलेले पाते दोन्ही फुप्फुसांतून गेले, तर एवढा जोर पुरतो. पहिल्या दिवशी ६० पौंडांचे धनुष्य ओढताना आपल्याला ते आकाशाकडे उचलावे लागले होते. त्या क्षणी दोरी सोडणाऱ्या उपकरणाच्या चापाला चुकून बोट लागले असते तर बाण कुंपणापलीकडे गेला असता, आणि रानात एवढ्या मोठ्या हालचालीनंतर कोणतेही हरीण उभे राहत नाही. पूर्ण ओढल्यावर कंपाउंडचा भार साधारण पाचव्या हिश्शावर येतो हे खरे, परंतु त्याआधी पूर्ण भार ओढावाच लागतो, आणि तोही थंडीत तीन तास न हलता बसून आखडलेल्या खांद्यांनी. बसल्या जागेवरून, दोरी सरळ मागे घेत, सावकाश जेवढे ओढता येते तेवढाच जोर आपला असतो. सरावाने तो वाढतो. त्यासाठी धनुष्य बदलावे लागत नाही, फक्त धनुष्याच्या दोन्ही भुजांचे बोल्ट फिरवावे लागतात.

पाच यार्डांचा आग्रह माझाच आहे. लक्ष्यावर वर्तुळ नसताना, काही वेळा तर डोळे मिटून बाण सोडायला लावतो, त्याचे कारण असे की नवशिक्याची नेम धरायची पिन वर्तुळावर आली रे आली की त्याचे बोट चापाला झटका देते, आणि ही खोड एकदा जडली की ती सोडवायला वर्षे लागतात. पाठीचे स्नायू ताणत राहावे आणि बाण केव्हा सुटला हे आपल्यालाच नकळत घडावे, एवढेच त्या चार आठवड्यांत शिकायचे असते. आपल्याला ते कंटाळवाणे वाटले, हे मी समजू शकते.

साताऱ्यात तयार झालेली मुले ५० मीटरवर नेम धरतात, हा आपला मुद्दा मला मनापासून आवडला. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अदिती स्वामी आणि ओजस देवतळे या दोघांनी कंपाउंडची वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली, त्या दिवशी आम्ही केंद्रात पेढे वाटले होते. परंतु तिथे अंतर ठरलेले असते, जमीन सपाट असते, आणि ७२ बाणांच्या फेरीत एखादा बाण आठच्या वर्तुळात गेला तर दोन गुण जातात. इथे तोच बाण पोटात लागलेले जनावर झुडपांत निघून जाते आणि रात्रभर तडफडते. त्यातही वीस यार्ड जायला बाणाला सुमारे पाव सेकंद लागतो, दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोहोचतो, आणि दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी आधी खाली दबते. झाडावरच्या मचाणावरून नेम धरताना कमरेतून वाकायचे असते. हात खाली केले की बाण वर जातो. मचाणावर अंगभर हार्नेस बांधणे, बाजूने उभे असलेल्या जनावरावरच बाण सोडणे, सोडल्यावर निदान अर्धा तास जागचे न हलणे, हे इथल्या घरांतील मुले वडिलांबरोबर, मामांबरोबर रानात जाऊन शिकतात. आपल्याकडे भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झाले. परंतु त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना हे सांगणारे घरात कोणी नाही. राज्याचा शिकाऱ्यांसाठीचा शिक्षणक्रम आपण उत्तीर्ण झालात, तरी ती उणीव त्याने पूर्ण भरून निघत नाही.

आपल्या शेवटच्या वर्गाची नोंद माझ्यासमोर आहे. वीस यार्डांवर दहापैकी सात बाण जेवणाच्या कागदी थाळीएवढ्या जागेत होते. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे साधारण तेवढ्याच जागेत असतात. उरलेल्या तीन बाणांत त्या दिवशीचा पहिला बाण होता, आणि रानात बहुधा तो एकच मिळतो.

हिवाळी धनुष्य हंगाम जानेवारीत सुरू होतो. नवे फोमचे लक्ष्य आले आहे. शनिवारी सकाळी आठ वाजता, वर्ग सुरू होण्यापूर्वी, आपण यावे आणि विनाशुल्क सराव करावा, मी स्वतः थांबेन. येताना रानात घालणार तोच जाड कोट घालून या, कारण बाहीला दोरी घासली तरी बाण भरकटतो. ट्यूनिंगसाठी ठेवलेले आपले धनुष्य तयार आहे. दोरीला मेण लावले आहे आणि जोर ४२ पौंडांवरच ठेवला आहे. तो वाढवायचा की नाही, हे शनिवारी आपण दोघे मिळून ठरवू.