‘साठ कोटी डॉलर पाण्यात’ म्हणणाऱ्यांसाठी

ऑस्ट्रेलियातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मथितार्थ असा: अपंगांवरच्या अत्याचारांची चौकशी करणारं रॉयल कमिशन (सरकारने नेमलेला उच्चाधिकार चौकशी आयोग) म्हणजे २०१९च्या निवडणुकीचा तमाशा होता, देखरेखीला संस्था असताना त्याची गरजच नव्हती, साडेचार वर्षं आणि साठ कोटी डॉलर घालवून हाती धुपाटणं आलं, आणि आपल्या लोकांचा त्याच्याशी संबंध काय? खर्चाचा आकडा साधारण बरोबर आहे. बाकीचं बघू.

तमाशाचं आधी. या चौकशीची शिफारस सिनेटच्या समितीने नोव्हेंबर २०१५मध्येच केली होती, म्हणजे त्या निवडणुकीच्या साडेतीन वर्षं आधी. अपंगांच्या संघटना तर त्यासाठी कधीच्या घसा कोरडा करत होत्या. टर्नबुल सरकारने २०१७मध्ये नकार दिला. मग विरोधातल्या लेबर पक्षाने आश्वासन दिलं आणि ग्रीन्स पक्षाचे सिनेटर जॉर्डन स्टील-जॉन, जे स्वतः व्हीलचेअर वापरतात, त्यांनी विषय लावून धरला. १४ फेब्रुवारी २०१९ला खालच्या सभागृहात या चौकशीची मागणी करणारा ठराव मताला आला असता आणि बहुमत गमावलेलं, टर्नबुलनंतरचं मॉरिसन सरकार पडलं असतं तोंडघशी. म्हणून त्यांनी काय केलं, तर एरवी तास-सव्वा तासात आटोपणारा प्रश्नोत्तराचा तास जवळपास अडीच तास ताणला. मंत्री उत्तरं देतायत, देतायत, घड्याळ पुढे सरकतंय, आणि त्या दिवशीचं मतदान टळलं. चारच दिवसांनी त्याच सरकारने ठरावाला पाठिंबा दिला आणि ५ एप्रिलला कमिशन जाहीर केलं. मतदान १८ मे रोजी होतं, तेव्हा मुहूर्त निवडणूक बघून काढला असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. पण मागणी निवडणुकीतून जन्मली असं म्हणणं खोटं आहे.

‘संस्था होतीच’ हा दावा मात्र जास्त घातक, कारण तो समंजस वाटतो. ही संस्था म्हणजे एनडीआयएस क्वालिटी अँड सेफगार्ड्स कमिशन; एनडीआयएस ही अपंगांच्या मदतीचा खर्च उचलणारी सरकारी योजना. ती १ जुलै २०१८ला सुरू झाली, तीही न्यू साउथ वेल्स आणि साउथ ऑस्ट्रेलिया या दोनच राज्यांत. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात पोहोचायला डिसेंबर २०२० उजाडला. शिवाय तिचा अधिकार एनडीआयएसच्या सेवांपुरता. २०१८च्या पाहणीनुसार देशात अपंग व्यक्ती ४४ लाखांच्या आसपास होत्या, आणि ही योजना मिळायची दहातल्या साधारण एकाला. शाळेत मुलाला कोंडून ठेवलं, तुरुंगात किंवा हॉस्पिटलात हाल झाले, तर या संस्थेकडे दादच मागता येत नव्हती.

बरं, जिथे अधिकार होता तिथे काय झालं? ॲडलेडमधल्या ५४ वर्षांच्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या एक बाई. घर स्वतःचं, सांभाळायला एनडीआयएसच्या पैशातून आलेली एकच केअरर. त्या बाई वर्षाहून अधिक काळ वेताच्या एका खुर्चीत होत्या. झोप त्यातच, संडासही त्यातच. अंगाला खोल जखमा, कुपोषण. ६ एप्रिल २०२०ला हॉस्पिटलात त्यांचा मृत्यू झाला. साउथ ऑस्ट्रेलियात तोवर ही संस्था पावणेदोन वर्षं काम करत होती. मृत्यू वेळेत कळवला नाही म्हणून तिने सेवा कंपनीला दंड ठोठावला, १२,६०० डॉलर. केअररला पुढे सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा झाली, ती फौजदारी कोर्टात.

‘हाती काही लागलं नाही.’ ३२ जाहीर सुनावण्या, ७,९४४ निवेदनं, बंद दाराआड ऐकून घेतलेल्या १,७८५ कहाण्या. कमिशन संपल्यावरही ही माहिती गोपनीय राहावी म्हणून २०२१मध्ये कायदा बदलून घ्यावा लागला. त्याआधी अनेकजण बोलायलाच धजत नव्हते. सप्टेंबर २०२३मध्ये १२ खंडांचा अहवाल आला, २२२ शिफारशींचा. विशेष शाळा बंद कराव्यात का, यावर सहा आयुक्तांचं एकमत झालं नाही आणि त्यांनी ते अहवालात उघड मांडलं. ठरवून केलेल्या तमाशात असं होत नसतं.

पुढचा हिशेब सरकारला विचारा. केंद्राच्या वाट्याला १७२ शिफारशी होत्या. ३१ जुलै २०२४च्या उत्तरात त्यातल्या १३ पूर्ण मान्य, ११७ ‘तत्त्वतः मान्य’, ३६ विचाराधीन, ६ची नुसती नोंद. (महाराष्ट्रातली २०१७ची कर्जमाफी आठवणाऱ्यांना ‘तत्त्वतः’चा अर्थ सांगायला नको.) पैसे पाण्यात जात असतील तर ते इथे, आणि त्याला जबाबदार उत्तर देणारे आहेत, अहवाल लिहिणारे नव्हेत.

राहिला ‘आपला संबंध’. अपंगत्वावरून भेदभाव करायला मनाई करणाऱ्या १९९२च्या कायद्यातच कलम ५२ आहे, आणि ते स्थलांतराच्या कायद्याला त्या मनाईतून सूट देतं. म्हणूनच आईवडिलांची नोकरी, इंग्रजी, पॉइंट सगळं जुळूनही मुलाच्या ऑटिझमवरून अख्ख्या कुटुंबाचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, अडकू शकतो. मुलावरचा सरकारी खर्च ठरलेल्या मर्यादेबाहेर जाईल, असा अंदाज बांधला की पुरे. जुलै २०२४पासून ती मर्यादा ८६ हजार डॉलर केली, पण सूट कायम आहे. या कलमाचा फेरविचार करा, असं याच कमिशनने सरकारला सांगितलंय. मेसेज पुढे ढकलण्याआधी आपल्याच ग्रुपात विचारा, मुलाच्या मेडिकलमुळे कुणाची फाइल अडकली आहे का.