‘लॅन्सेटने सिद्ध केले होते’ म्हणून गोवराची लस टाळणाऱ्यांना उत्तर

माझ्या मावसबहिणीने गेल्या आठवड्यात आपल्या धाकट्या बाळाचा गोवराच्या लशीचा डोस पुढे ढकलला. कारण विचारले तेव्हा तिने मोबाइलवर आलेला एक संदेश मला पाठवला. थोड्याफार फरकाने हा संदेश कितीतरी वर्षे फिरतो आहे. पण तो आता घरातल्या बाळापर्यंत पोहोचला असल्याने गप्प बसणे शक्य नाही. त्यातला दावा असा: ‘द लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ मध्ये सिद्ध केले की गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरच्या एकत्रित एमएमआर लशीमुळे मुलांना ऑटिझम होतो; तज्ज्ञांनी तपासूनच तो निबंध छापला होता; पुढे औषध कंपन्यांच्या दबावामुळे तो गायब केला गेला; आणि या लशीत पारा असतो.

‘सिद्ध केले’ हा शब्द मूळ निबंध न वाचताच लिहिलेला आहे. ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड आणि त्यांच्या १२ सहलेखकांचा तो निबंध अवघ्या १२ मुलांविषयी होता आणि त्यात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. १२ पैकी ८ मुलांच्या पालकांनी लक्षणांचा संबंध लशीशी जोडला, एवढीच त्याची सामग्री. ही लस साधारण ज्या वयात देतात त्याच्या आसपासच ऑटिझमची लक्षणे आईवडिलांच्या नजरेस येऊ लागतात, त्यामुळे पालकांना तसे वाटणे स्वाभाविक होते. खुद्द लेखकांनीच निबंधात स्पष्ट लिहिले आहे की, लस आणि वर्णन केलेली लक्षणे यांच्यातला संबंध आम्ही सिद्ध केलेला नाही. ज्या निबंधाचा आधार द्यायचा, त्यातलेच हे वाक्य संदेश लिहिणाऱ्याने वाचू नये, याचा मला मनापासून राग येतो.

सर्वांत घातक आहे तो दबावाचा आरोप, कारण त्यामुळे निबंध मागे घेतला जाणे हाच त्याच्या खरेपणाचा पुरावा ठरतो आणि बोलणेच खुंटते. प्रत्यक्षात १३ लेखकांपैकी १० जणांनी २००४ मध्येच निबंधातून काढलेल्या अर्थापासून स्वतःला लेखी अलग केले. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचे नियमन करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलने २०० हून अधिक दिवस चाललेल्या सुनावणीनंतर जानेवारी २०१० मध्ये वेकफिल्ड यांच्याविरुद्ध आपले निष्कर्ष दिले आणि २ फेब्रुवारी २०१० रोजी लॅन्सेटने निबंध मागे घेतला. मागे घेताना दिलेली कारणे अगदी नेमकी होती: मुले ओळीने, जशी रुग्णालयात पाठवली गेली तशी घेतली हे विधान खोटे होते आणि तपासण्यांना नैतिकता समितीची मान्यता होती हेही खोटे होते. पत्रकार ब्रायन डीअर यांनी मुलांच्या वैद्यकीय नोंदी निबंधाशी ताडून पाहिल्या. त्यांचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आले. लस घेण्यापूर्वी सर्व मुले निरोगी होती असे निबंध सांगत असताना, त्यांतील ५ मुलांच्या विकासाविषयीच्या शंका आधीच नोंदल्या गेलेल्या होत्या. पैशांचाच विषय काढायचा, तर लस उत्पादकांविरुद्ध खटल्याची तयारी करणाऱ्या वकिलांमार्फत वेकफिल्ड यांना चार लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली होती, हेही सांगायला हवे. आणि निबंध गायब वगैरे काही झालेला नाही. लॅन्सेटच्या संकेतस्थळावर तो आजही वाचता येतो. फक्त त्याच्या पानांवर लाल अक्षरांत ‘रिट्रॅक्टेड’, म्हणजे ‘मागे घेतलेला’, असा आडवा शिक्का आहे.

तज्ज्ञांच्या तपासणीबद्दल मात्र एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते. तो निबंध लॅन्सेटने छापायला नको होता, आणि मागे घ्यायला १२ वर्षे लावणे तर अक्षम्य होते. १८२३ पासूनची परंपरा असलेले नियतकालिकही चुकते. पण परीक्षक हस्तलिखित वाचतात, मांडणीतल्या त्रुटी दाखवतात. ते रुग्णांच्या फायली उघडत नाहीत की प्रयोग पुन्हा करून पाहत नाहीत. छापून आल्यानंतर इतर संशोधकांना तोच निष्कर्ष मिळतो का, यावर निबंधाचे भवितव्य ठरते.

तो निष्कर्ष मिळाला नाही. डेन्मार्कमधला २०१९ चा अभ्यास एकटाच पुरेसा आहे: १९९९ ते २०१० या काळात जन्मलेल्या ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासल्या, त्यांपैकी ६,५१७ मुलांना ऑटिझमचे निदान झाले होते, आणि लस घेतलेल्यांत त्याचे प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा जास्त आढळले नाही.

पाऱ्याचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. एमएमआर ही जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूंची लस आहे, आणि थायोमर्सल हे पारायुक्त संरक्षक द्रव्य तिच्यात कधीच नव्हते.

माझ्या बहिणीच्या थोरल्या मुलाला ऑटिझम आहे, म्हणून तिची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. डेन्मार्कच्या संशोधकांनी ज्यांच्या भावंडांना ऑटिझम आहे अशा मुलांचा वेगळा विचार केला होता. त्यांच्यातही लशीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. गोवराचा विषाणू मात्र रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकतो, आणि साधारण हजारातल्या एका रुग्णाच्या मेंदूला सूज आणतो. तो अभ्यास मी तिला पाठवला आहे आणि राहिलेला डोस याच आठवड्यात द्यावा, असे तिला कळवले आहे.